करार हातात, जॉइनिंग लांब: जर्मनीत बेकारी भत्ता चालू ठेवावा की नाव काढून गावी जाऊन यावं?

जर्मनीत नोकरी गेल्यावर काय करायचं हे आता बहुतेकांना तोंडपाठ झालंय. कंपनीकडून कळल्यापासून तीन दिवसांत आर्बाइट्सआमटमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नोंदणी, बेकारीच्या पहिल्या दिवशी दुसरी नोंदणी, ब्लू कार्ड (नोकरीवर आधारलेला राहण्याचा परवाना) असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवणं. ते मी इथे परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या, जरा सुखाच्या पण गोंधळाच्या काळाबद्दल. नवा करार सही झालाय, पण जॉइनिंग सहा-आठ आठवड्यांनी आहे. कधी कंपनीला महिन्याची एक तारीखच हवी असते. कधी ब्लू कार्डचं पहिलं वर्ष असतं आणि परदेशी नागरिक कार्यालय 30 दिवसांपर्यंत नोकरीबदल रोखून धरू शकतं, म्हणून नवी कंपनी हातचे दिवस राखून पुढची तारीख देते.

या मधल्या काळात दोन रस्ते असतात. एक, आर्बाइट्सआमटमध्ये नाव तसंच ठेवायचं, आर्बाइट्सलोझनगेल्ड, म्हणजे बेकारी भत्ता, घेत राहायचं आणि त्याबरोबरचे नोकरी शोधण्याचे नियम पाळायचे. दुसरा, अब्मेल्डेन करायचं, म्हणजे नाव काढून घ्यायचं, आणि मोकळेपणाने पुण्याला, नाशिकला, जिथे घर असेल तिथे जाऊन यायचं. वेगवेगळ्या वेळी मी दोन्ही केलंय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो.

आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांच्या मनात ती कुठेतरी टोचत असते. आर्बाइट्सलोझनगेल्ड ही सरकारी मदत नाही, विमा आहे. पगारातून दर महिन्याला 1.3 टक्के आपले गेलेत आणि तेवढेच कंपनीचे. ते घेतल्याने व्हिसावर डाग पडत नाही. करार झाल्यावरही घेत राहणं म्हणजे फसवणूक, असं आपले काही ज्येष्ठ मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. नव्या कामाचा पहिला दिवस येईपर्यंत तुम्ही बेकारच असता. फसवणूक तेव्हा होते जेव्हा करार लपवला जातो.

आता नाव चालू ठेवण्याची बाजू. इथे सगळ्यांना भीती वाटते ती अर्जांची. फरमिटलरबरोबर, म्हणजे आर्बाइट्सआमटमधल्या आपल्या सल्लागाराबरोबर, पहिल्या भेटीत जो करारनामा होतो त्यात महिन्याला किती अर्ज करायचे हे लिहिलेलं असतं, आणि नवी नोकरी मिळाली म्हणून तो आकडा आपोआप पुसला जात नाही. प्रयत्न कमी पडले असं ठरलं तर दोन आठवडे भत्ता बंद. बोलावलेल्या भेटीला गेला नाहीत तर एक आठवडा. फरमिटलुंग्सफोरश्लाग, म्हणजे त्यांनी पाठवलेली जागा, कारणाशिवाय नाकारली तर पहिल्या वेळी तीन आठवडे, मग सहा, मग बारा. हे वाचून माणूस घाबरतो आणि म्हणतो, नकोच ती कटकट.

प्रत्यक्षात माझा अनुभव बराच सौम्य होता. करार सही झाला त्याच दिवशी मी त्याची पीडीएफ ऑनलाइन खात्यातून पाठवली आणि सोबत तीन ओळींचा निरोप लिहिला: अमुक तारखेला रुजू होतोय, करार जोडलाय, तोपर्यंत अर्जांबाबत काय अपेक्षा आहे ते लेखी कळवावं. फरमिटलरबाईंचं उत्तर आलं की नोंद केली आहे, जॉइनिंगची तारीख बदलली तर लगेच सांगा, बाकी नवीन अर्जांचा आग्रह नाही. दुसऱ्या कार्यालयात, दुसऱ्या माणसाकडून असंच उत्तर येईल याची हमी मी देऊ शकत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीला जॉइनिंगपर्यंत अर्ज चालू ठेवायला सांगितलं होतं. तिने ते केले, तारीख, कंपनी, जागा, निकाल अशी साधी एक्सेल ठेवली, आणि कुणी काही विचारलं नाही. पण उत्तर लेखी हवं. फोनवर ‘काही हरकत नाही’ असं ऐकून अर्ज थांबवू नका. पुढच्या वेळी खिडकीमागे दुसरंच कुणी असतं आणि त्याच्यासमोर फक्त पडद्यावरच्या नोंदी असतात.

करारानंतरही एखादी जागा टपालाने येतेच, ती यंत्रणाच तशी आहे. अशा वेळी कंपनीला परस्पर ‘मला गरज नाही’ असं कळवणं टाळा, कारण कागदावर तो नकार दिसतो. आधी फरमिटलरला विचारा: माझा करार झालाय, तरी या जागेला अर्ज करू का? दोन दिवसांत उत्तर येतं आणि तुमच्याकडे पुरावा राहतो. मला स्वतःला जिथे जायचंच नाही तिथे अर्ज पाठवणं मनापासून आवडत नाही. समोर एखादी एचआरमधली व्यक्ती तो वाचत असते, तिचा वेळ जातो. म्हणून हा विचारायचा रस्ता मला जास्त सभ्य वाटला.

खरं बंधन अर्जांचं नाहीच, हजर राहण्याचं आहे. आर्बाइट्सआमटने पाठवलेलं पत्र तुम्हाला रोजच्या रोज मिळेल आणि बोलावलं तर जाता येईल, इतके तुम्ही घराजवळ असायला हवेत. गावाबाहेर जायचं तर आधी परवानगी, ऑर्ट्सआबवेझनहाइटची. भत्ता चालू ठेवून वर्षाला तीन आठवडे मिळतात. बेकारीच्या पहिल्या तीन महिन्यांत ती सहसा देत नाहीत, सबळ कारण असेल तरच. तीन आठवड्यांपेक्षा जास्त, पण सहाच्या आत राहिलात तर पहिल्या तीन आठवड्यांचा भत्ता मिळतो, पुढचा नाही. आणि सहा आठवड्यांच्या वर गेलात तर पहिल्या दिवसापासूनचाच जातो. तिकीट काढण्याआधी हे गणित डोक्यात असू द्या.

नाव काढण्याची बाजू ऐकायला याहून कितीतरी सोपी आहे. ऑनलाइन बदलाची सूचना भरली, तारीख टाकली, संपलं. भेट नाही, अर्ज नाही, टपालपेटीचा विचार नाही. आणि एक मोठा फायदा आहे जो लोक विसरतात: न वापरलेले दिवस वाया जात नाहीत. हक्क सुरू झाल्यापासून चार वर्षांपर्यंत ते शिल्लक राहतात. समजा तुमचा बारा महिन्यांचा हक्क आहे, चार वापरले, तर आठ पुढे राहतात. नव्या नोकरीत प्रोबेत्साइटमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या काळातच, काही बिनसलं, आणि सध्याच्या दिवसांत ते अशक्य नाही, तर ते आठ महिने सोन्याचे. पहिल्या वेळी मी नाव काढलं ते याच हिशेबाने. आई-बाबांना कित्येक महिन्यांनी निवांत भेटायचं होतं आणि भत्त्याचे दिवस वाचतील, दोन्ही एकदम साधत होतं.

मग आरोग्य विम्याचा विषय आला, आणि माझं पुढचं सगळं मत त्यानेच ठरवलं.

भत्ता चालू असेपर्यंत क्रांकेनकासेचा, म्हणजे आरोग्य विमा संस्थेचा, हप्ता आर्बाइट्सआमट भरतं, पेन्शनचाही. नाव काढलं की दोन्ही थांबतं. विम्यात महिनाभर जुना हक्क पुढे चालतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि नवी नोकरी त्या महिन्यात सुरू झाली तर काही प्रश्नच नाही. सगळे इतकंच सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही: फट एका महिन्याहून लांबली तर तो फुकटचा महिनाही उरत नाही. पहिल्या दिवसापासून तुम्ही स्वेच्छेने विमा घेतलेले सभासद ठरता आणि सगळ्या दिवसांचा हप्ता द्यावा लागतो. उत्पन्न शून्य असलं तरी एक किमान उत्पन्न धरून आकारणी होते. 2025 च्या आकड्यांनी ते सुमारे 1,250 युरो महिना, म्हणजे आरोग्य आणि पफ्लेग (शुश्रूषेचा विमा) धरून हप्ता साधारण अडीचशे युरोंच्या आसपास.

माझी फट महिन्याच्या आतच बसत होती. पण नव्या कंपनीने जॉइनिंग दोन आठवडे पुढे ढकलली आणि ती महिन्याबाहेर गेली. मी तेव्हा पुण्यात. क्रांकेनकासेचं पत्र जर्मनीतल्या घरच्या टपालपेटीत पडलं. शेजारच्या मित्राने ते उघडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. चार पानी प्रश्नावली होती: घरभाडं येतं का, व्याज किती, पोटगी मिळते का, परदेशातलं उत्पन्न, जोडीदाराचं उत्पन्न आणि तिचा विमा कुठे. शेवटच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात, ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर कमाल उत्पन्न धरून आकारणी होईल असं वाक्य होतं. कमाल म्हणजे महिन्याला हजार युरोंच्या वर. तारीख आठवड्याभराची. सही मूळ कागदावर हवी, की स्कॅन चालेल, हे विचारायला फोन केला तर भारतातून त्या क्रमांकावर रांगेत थांबणं आणि साडेतीन-साडेचार तासांचा वेळेतला फरक सांभाळणं. मधल्या काळात मुलाला ताप आला असता तर त्याचं कार्ड चालतं का, हेही कुणी ठामपणे सांगेना, कारण त्याचा विमा माझ्याच नावावर.

अखेर स्कॅन चालला, किमान दरानेच आकारणी झाली, पैसे भरले. रक्कम काही घर बुडवणारी नव्हती. पण ज्या मोकळेपणासाठी नाव काढलं होतं, तो मोकळेपणा त्या आठवड्यात उरला नाही. घरच्यांबरोबर बसून जेवतानाही डोक्यात तो फॉर्म. जॉइनिंगची तारीख आपल्या हातात नसते, हे तेव्हा नीट कळलं. आणि ती हलली तर नाव चालू असलेल्या माणसाचं काहीच बिघडत नाही, भत्ता आणि विमा दोन्ही पुढे चालू राहतात. नाव काढलेल्याला पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि पैसे नोंदणीच्या दिवसापासून पुढे मिळतात, मागचे नाहीत.

म्हणून दुसऱ्या वेळी मी नाव काढलं नाही. तीन महिने उलटून गेले होते, त्यामुळे ऑर्ट्सआबवेझनहाइट मागता आली. करार जोडलेला होता, मागणीत कारण साधं लिहिलं: नवी नोकरी सुरू होण्याआधी आई-वडिलांना भेटायचं आहे. परवानगी मिळाली, पण निघायच्या जेमतेम काही दिवस आधी, त्यामुळे तिकीट महाग पडलं. भेट पहिल्या वेळेपेक्षा आखूड झाली हेही खरं. परत आल्यावर कार्यालय उघडं असलेल्या पहिल्या दिवशी ऑनलाइन कळवलं. विम्याचं एकही पत्र आलं नाही.

तरी हे सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. जोडीदार सरकारी विम्यातल्या नोकरीत असेल तर त्या फटीत तुम्ही आणि मुलं तिच्या किंवा त्याच्या फामिलिएनफरझिशरुंगमध्ये, म्हणजे कौटुंबिक विम्यात, विनाहप्ता जाऊ शकता. मग माझं मुख्य कारणच गळून पडतं, आणि दिवस वाचवायला नाव काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. आई-वडील आजारी असतील आणि सहा आठवड्यांहून जास्त राहायचं असेल तर भत्त्याचा विचार बाजूला ठेवा, नाव काढा आणि जा. आणि जॉइनिंग दोनच आठवड्यांवर असेल, करारावर दोघांच्या सह्या असतील, तर कुठलाही रस्ता घ्या, फारसा फरक पडत नाही.

पण एकट्याच्या पगारावर घर असेल, मुलं तुमच्या विम्यावर असतील आणि तारीख ‘बहुधा एक तारखेला’ अशी थोडी हलती असेल, तर नाव राहू द्या असंच मी सांगेन. अर्जांचा त्रास वाटतो त्यापेक्षा कमी असतो, करार पाठवल्यावर तर आणखी कमी.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. भत्त्यावर आयकर नाही, पण तो वर्षाच्या उत्पन्नात धरून बाकी पगाराचा कराचा दर चढतो, आणि वर्षभरात 410 युरोंच्या वर भत्ता घेतला असेल तर विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. पुढच्या वर्षी थोडे पैसे भरावे लागतील असं धरून बाजूला ठेवा. आणि जॉइनिंगची सूचना, फेरेंडरुंग्समिटाइलुंग, कामाच्या पहिल्या दिवसाची वाट न बघता तारीख पक्की झाली की आधीच भरून टाका. भत्ता महिनाअखेरीस जमा होतो. सूचना उशिरा गेली तर जास्तीचे दिवस जमा होतात आणि मग ते परत मागणारं पत्र येतं.