पुस्तक मोफत द्यावे की विकावे? मराठी लेखकासमोरचे पर्याय

पहिली कादंबरी लिहून झाली की मराठी लेखकासमोर हल्ली तीन वाटा असतात: प्रकाशकाकडे जाणे, ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतः ई-पुस्तक काढणे किंवा ते सरळ मोफत वाचायला देणे. तिसऱ्या वाटेने पैसे मिळतील का, हे मोफत वाचून झाल्यावर वाचकाला विकत घेण्याजोगे काही उरते का, यावर ठरते.

प्रकाशकाकडून मिळणारे मानधन साधारणपणे छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. अडीचशे रुपयांच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपली, तर लेखकाला २५,००० रुपये मिळतात, आणि नवख्या लेखकाची आवृत्ती संपायला अनेकदा वर्षे लागतात. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि वितरण मात्र प्रकाशक सांभाळतो.

किंडलवर हेच प्रमाण ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ‘केडीपी सिलेक्ट’ या किंडलच्या योजनेत जावे लागते, आणि त्या योजनेत असेपर्यंत, म्हणजे एका वेळी ९० दिवस, त्या पुस्तकाची डिजिटल प्रत अन्यत्र कुठेही, मोफतसुद्धा, ठेवता येत नाही. त्या ९० दिवसांत पाच दिवस किंडलवरच पुस्तक मोफत देण्याची मुभा असते. ‘मोफतही देऊ आणि विकूही’ असे मनात असेल, तर ही अट आधी नीट वाचावी.

मोफत देण्यातही दोन प्रकार आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानसारखी संस्था पीडीएफ विनामूल्य पोहोचवते; तिथे लेखकाला मिळतो तो वाचक आणि त्याचा अभिप्राय, पैसा नव्हे. प्रतिलिपी या लेखन-वाचनाच्या ॲपवर बरेचसे वाचन मोफत असले, तरी क्रमशः लिहिणाऱ्याला वाचकांच्या वर्गणीतून काही उत्पन्न मिळू शकते. त्यासाठी भागामागून भाग नेमाने लिहीत राहावे लागते.

मोफत उपलब्ध असलेले पुस्तक विकले जातच नाही, हे मला पटत नाही. अमेरिकन लेखक अँडी वीअरने ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली होती. वाचकांच्या आग्रहावरून ती किंडलवर ९९ सेंटला आली आणि तीन महिन्यांत ३५,००० प्रती गेल्या. इंग्रजीची बाजारपेठ आपली नव्हे, हे खरे. पण सानेगुरुजींचे साहित्य २०११पासून स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, आणि तरीही ‘श्यामची आई’च्या छापील प्रती आजही विकल्या जातात. एका ग्रंथप्रदर्शनात एका बाईंनी मला मोबाईलवरची पीडीएफ दाखवली, “हेच हवंय, आईला मोबाईलवर वाचता येत नाही,” म्हणाल्या आणि दोन प्रती घेऊन गेल्या. टेबलावर छापील प्रत होती, म्हणूनच ती विक्री झाली.

म्हणून कथा-कादंबरी लिहिणाऱ्या नवोदिताने एक पुस्तक अवश्य मोफत द्यावे, मात्र दुसरे विक्रीला तयार असेल तेव्हाच. पाककृती, शेती किंवा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक मी मोफत देणार नाही, कारण हवी तेवढी माहिती मिळाली की वाचकाचे काम तिथेच संपते. कवितासंग्रहातून फारशी कमाई एरवीही होत नाही, त्यामुळे तो मोफत देण्यात गमावण्यासारखे थोडे असते.

पुस्तक आधी प्रकाशकाकडे गेलेले असेल, तर करार काढून डिजिटल हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे. हक्क लेखी सोपवले असतील पण मुदत लिहिलेली नसेल, तर १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ती पाच वर्षांची धरली जाते. त्यामुळे जुन्या पुस्तकाचे हक्क लेखकाकडे परत आलेले असण्याचीही शक्यता असते.