पोस्टर भरायचं की ओरल?

परिषदेला संशोधनाचा सारांश, म्हणजे अॅबस्ट्रॅक्ट, पाठवायच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात: पोस्टर आणि ओरल, म्हणजे मंचावरून बोलणं. बडोद्याच्या सायन्स फॅकल्टीतली एम.एस्सी.ची मुलं बहुधा मानाचं म्हणून ओरलवर खूण करतात. खरं तर डेटा कुठवर आलाय, यावर ठरवावं.

ओरलला साधारण १० मिनिटं, वर दोन-तीन प्रश्न. तेवढ्यात एकच दावा धड मांडून होतो; समजा, उत्प्रेरकाचं प्रमाण १० मोल टक्क्यांवरून (रेणूंच्या संख्येतल्या टक्क्यांवरून) ५ वर आणलं तरी यील्ड, म्हणजे मिळणारं उत्पादन, टिकतं. मग उत्प्रेरकाशिवायचा ब्लँक (तुलनेचा प्रयोग), तीनदा केलेली रिअॅक्शन आणि आयसोलेटेड यील्ड (पदार्थ वेगळा, शुद्ध करून वजन केलेलं) हातात हवं. टीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवरचा, डाग पाहून काढलेलं यील्ड पहिल्याच प्रश्नाला कोसळतं.

काम अर्धवट असेल तर पोस्टरच बरं. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा आलेख) जवळून दाखवता येतो, आणि रिअॅक्शन का अडली हे सांगणारा जाणकार नेमका तिथेच भेटतो. शिवाय घरी मराठी, मित्रांत गुजराती आणि मंचावर एकदम इंग्रजी असं असलं की जीभ अडखळते. पोस्टरपाशी तेच वाक्य वीसदा बोलून ती सुटते.

पोस्टरची मेहनत मात्र वेगळी. आयोजकांच्या बोर्डाचं माप आधी वाचा. ए-झिरो हे कागदाचं माप म्हणजे ८४१ × ११८९ मिमी. आडवं छापलं आणि बोर्ड अरुंद निघाला तर कडा लोंबतात. फाइलचं पान सुरुवातीलाच त्या मापाचं करा. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. रचनासूत्रांचे स्क्रीनशॉट चिकटवले की छपाईत बंधांच्या रेषा फुटतात. ती काढायच्या केमड्रॉ या सॉफ्टवेअरमधून व्हेक्टर स्वरूपातच (मोठं केलं तरी न फुटणाऱ्या रेषांत) घ्या. दुकानात पीडीएफ द्या, नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की 'डेल्टा'सारख्या ग्रीक चिन्हाच्या जागी चौकोन येतो. फ्लेक्स पावसात टिकतो, पण ट्यूबलाइटखाली चकाकतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातून स्कूटरवर आणताना घडी घातलीत तर ती वळी जन्मभर राहते. छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यासाठीचं काम असेल तर गुपित फुटण्याचा धोका दोन्हींत सारखाच. पोस्टरचे फोटो निघतात, स्लाइडचेही. त्याआधी अॅबस्ट्रॅक्टच छापून जातो, आणि पेटंटच्या दृष्टीने तोही जाहीर खुलासा ठरू शकतो. म्हणून कारखान्याची लेखी परवानगी फॉर्म भरण्याआधीच घ्या.

फॉर्मवर 'दोन्हीपैकी कोणतंही' असेल तर त्यावर खूण करण्याआधी १० मिनिटांचं बोलणं एकदा घड्याळ लावून म्हणून पाहा. सात मिनिटांत डेटा संपला तर पोस्टर.