पुन्हा वाचायचं की वही मिटून आठवायचं?

बडोद्यात हंसा मेहता ग्रंथालयात बसून एकच पान तिसऱ्यांदा वाचलं की ओळी ओळखीच्या वाटतात, आणि ती ओळखच 'आपल्याला येतंय' असं भासवते. पुन्हा वाचण्यातला धोका हाच.

दुसरी रीत कष्टाची आहे, पण आमचा कौल तिलाच. दोन पानं वाचा, पुस्तक मिटा. किती टक्के आठवेल याचा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहा, मग दहा मिनिटं आठवेल ते उतरवा आणि ताडून पाहा. अंदाज ७० चा आणि प्रत्यक्षात ४० निघाले, तर ती ३० ची तफावत म्हणजे आजचा खरा अभ्यास. घरी मराठी, वर्गात इंग्रजी असेल तर अर्थ आधी मराठीत मांडा, संज्ञा मात्र इंग्रजीतच लिहा. बरेच जण अडले की लगेच पान उघडतात. तिथेच सगळं वाया जातं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे.

'मी ऐकून शिकणारा' म्हणता? ज्याच्या-त्याच्या शिकण्याच्या शैलीनुसार (ऐकून, पाहून) शिकवल्याने जास्त शिकलं जातं याला ठोस पुरावा नाही. व्याख्यान खुशाल ऐका, पण दर पाच मिनिटांनी थांबवून स्वतःशी सांगून पाहा.