एका तासात मेंदूज्वराचा रिपोर्ट : घोडबंदर रोडवरील एका लॅबच्या सेवेविषयी

ठाण्यात घोडबंदर रोडवरील एका खासगी रुग्णालयाने आपल्या लॅबमधील जलद मॉलिक्युलर तपासणी बाहेरच्या डॉक्टरांसाठीही खुली केली, तेव्हापासून नौपाड्यातील आमच्या छोट्या रुग्णालयातून पाठीतल्या पाण्याचे (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचे) नमुने तिकडे जाऊ लागले. पूर्वी हेच नमुने मुंबईला पाठवावे लागत आणि हर्पिस या विषाणूचा पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मध्ये रविवार आला तर तिसऱ्या दिवशी हाती पडे. जुन्या पद्धतीशी तुलना केली, तर नव्या सेवेचे कौतुक करण्यास हरकत नाही. मात्र लॅबच्या जाहिरातपत्रकात जे लिहिले आहे त्यासाठी ते कौतुक नाही.

पत्रकात म्हटले आहे की लवकर निदान झाल्याने उपचार लवकर सुरू होतात. हर्पिस सिम्प्लेक्सच्या मेंदूज्वरात उपचार न मिळाल्यास सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात. म्हणून ताप, झटके आणि असंबद्ध बोलणे घेऊन आलेल्या रुग्णाला कोणताही जाणता फिजिशियन रिपोर्टची वाट न पाहताच असायक्लोव्हिर हे हर्पिसविरोधी औषध सुरू करतो. त्यामुळे औषध सुरू करण्यासाठी या तपासणीचा फारसा उपयोग नाही. तिचा खरा उपयोग पुढे होतो. विषाणू सापडला, तर शिरेतून दर 8 तासांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम या मात्रेने 14 ते 21 दिवस औषध द्यायचे, हे त्याच दिवशी पक्के होते, आणि नातेवाइकांना एवढ्या दिवसांच्या मुक्कामाची व खर्चाची कल्पना स्पष्ट शब्दांत देता येते. हर्पिसऐवजी एन्टेरोव्हायरस हा दुसरा विषाणू निघाला आणि बाकीचे चित्र त्याच्याशी जुळले, तर मूत्रपिंडांवर ताण आणणारे हे असायक्लोव्हिर बंद करता येते.

या लॅबमध्ये बायोफायर कंपनीचे फिल्मअ‍ॅरे पॅनेल (अनेक जंतूंची एकत्र चाचणी) वापरले जाते. त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 साली मान्यता दिली. 6 जिवाणू, 7 विषाणू आणि क्रिप्टोकॉकस ही बुरशी असे 14 जंतू ते एकाच वेळी शोधते. विषाणूंमध्ये हर्पिस कुळातले पाच आहेत, हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार, कांजिण्या व नागीण यांचा विषाणू, सायटोमेगॅलोव्हायरस आणि एचएचव्ही-6. लॅबच्या प्रमुखांनी मला सारे काम समोर करून दाखवले. चाचणीच्या पाउचमध्ये, म्हणजे छोट्या पाकिटात, सगळी रसायने वाळवून ठेवलेली असतात. एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने बफर द्रावणात मिसळलेले 200 मायक्रोलिटर पाठीतले पाणी लावले की आतली निर्वात पोकळी हवे तेवढेच ओढून घेते, आणि पाउच यंत्रात सरकवल्यावर साधारण तासाभरात निकाल येतो. तंत्रज्ञाने मास्क घातला होता आणि काम बंद कपाटात चालले होते, हे पाहून बरे वाटले, कारण ज्याच्या ओठावर तापाचे फोड उठले आहेत अशा माणसाच्या हातून नमुन्यात हर्पिस जाऊ शकतो.

कामातली शिस्त मात्र सगळीकडे सारखी नाही. आमचा एक नमुना आधी पेशी मोजणाऱ्या विभागात गेला, तिथे तो सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्रातून) फिरवला गेला आणि वरचे पाणी या तपासणीला दिले गेले. पॅनेलसाठी नमुना सेंट्रिफ्यूज करू नये अशी उत्पादकाची स्पष्ट सूचना आहे. तेव्हापासून मी दोन वेगळ्या नळ्या पाठवतो आणि एकीवर ठळक अक्षरांत ‘पीसीआर, फिरवू नये’ असे लिहितो.

रिपोर्टमध्ये प्रत्येक जंतूपुढे आढळला किंवा आढळला नाही एवढेच छापलेले असते, आणि खाली एखादी ओळ जोडण्याची तसदी कोणी घेत नाही. ही मोठी उणीव आहे. आजाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हर्पिसचा पीसीआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. शिवाय स्वतंत्र हर्पिस पीसीआरने पकडलेले काही रुग्ण या पॅनेलमधून निसटल्याचे अभ्यासांत नोंदले गेले आहे. एमआरआयमध्ये मेंदूचा टेम्पोरल (कानशिलाकडचा) भाग सुजलेला दिसत असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून औषध थांबवणे धोक्याचे आहे. तीन ते सात दिवसांच्या आत पुन्हा पाणी काढून तपासावे. एचएचव्ही-6 चे उलट आहे. सुमारे 1 टक्का लोकांच्या गुणसूत्रांतच तो जन्मतः असतो, त्यामुळे तो आढळला म्हणजे आजाराचे कारण सापडले असे नव्हे. आणि आपल्याकडे पावसाळ्यात ज्यांचा विचार आधी करावा लागतो ते जपानी मेंदूज्वर व डेंगी, तसेच बाराही महिने डोक्यात ठेवावा लागणारा क्षयाचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह), यांपैकी काहीही या पॅनेलमध्ये नाही. पाच आकडी बिल भरलेल्या नातेवाइकाला हे आधीच सांगितलेले बरे.

म्हणूनच प्रौढ रुग्णात चित्र हर्पिसचेच असेल, तर मी फक्त हर्पिसचा स्वतंत्र पीसीआर मागवतो. तान्ही बाळे आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्यासाठी पॅनेलचा खर्च सार्थकी लागतो. काउंटरवर मात्र प्रत्येकाला पॅनेलच सुचवले जाते, आणि त्याच काउंटरवर हर्पिसची आयजीएम (प्रतिपिंडांची) रक्ततपासणीही अजून विकली जाते, जिचा मेंदूज्वराच्या निदानाला काडीचा उपयोग नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. तो एक तास पाउच यंत्रात गेल्यापासून मोजला जातो. कापूरबावडीची कोंडी आणि नोंदणीची रांग त्यात धरलेली नाही. पॉझिटिव्ह निकाल फोनवर कळवण्याची पद्धत नाही, पोर्टल आपणच उघडून पाहावे लागते. रात्रपाळीला हे यंत्र चालवणारा तंत्रज्ञ नसल्याने उशिरा पोचलेला नमुना सकाळपर्यंत फ्रीजमध्ये पडून राहतो. नमुना त्याने खराब होत नाही, पण ज्या घाईसाठी पैसे मोजले ती घाई तिथेच संपते. त्यामुळे संध्याकाळी सातनंतर काढलेले पाणी मी ऐरोलीमार्गे वाशीच्या एका लॅबला पाठवतो. तिथे फक्त हर्पिसची स्वतंत्र चाचणी होते, पण ती रात्रीही लावली जाते आणि निकाल आला की पहाटेसुद्धा फोन येतो.