जमिनीतला ओलावा मोजायला टेन्शिओमीटर घ्यावा की कपॅसिटन्स सेन्सर?

मुळांना पाणी ओढायला किती जोर लागतोय, ते टेन्शिओमीटर सेंटिबारमध्ये (हे दाबाचं एकक) दाखवतो. काटा जितका वर, तितकी जमीन कोरडी; पाणी कधी सोडायचं ते थेट कळतं. मात्र साधारण 80 सेंटिबारच्या पुढे त्याच्या पाण्याने भरलेल्या नळीत हवा शिरते, मग पुन्हा पाणी भरत बसा.

कपॅसिटन्स सेन्सर ओलाव्याची टक्केवारी देतो, तीही हवी तर मोबाईलवर. देखभाल फारशी नाही. पण नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका: 20 टक्के म्हणजे वाळूत भरपूर पाणी, भारी चिकणमातीत पीक सुकायची वेळ! खारवट जमिनीत तर आकडा फसवतोच.

ठिबकवरच्या भाजीपाल्याला मी टेन्शिओमीटरच घेईन. दोन्ही मातीला घट्ट चिकटून बसवावे लागतात. मधे पोकळी राहिली की आकडा चुकलाच.