गोठ्यासाठी घेतलेला इन्फ्रारेड थर्मामीटर

लोहार चाळीत हजार-दीड हजार रुपयांना मिळणारा, पिस्तुलासारखा हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर मुळात वायरमन आणि एसी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी असतो. गोरेगावच्या आमच्या तबेल्यात यंदाच्या उन्हाळ्यात तो जनावरांवर वापरला, आणि त्याने दाखवलेल्या गोष्टींमुळे तो प्रत्येक गोठामालकाने घ्यावा असे माझे मत झाले आहे; मात्र त्याचा आकडा नेमका कशाचा असतो, हे समजून घेतले पाहिजे.

उन्हात उभ्या असलेल्या काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन संकरित गाईच्या पाठीवर आधी काळ्या आणि लगेच पांढऱ्या डागावर नेम धरून खटका दाबला, की काळा डाग काही अंशांनी अधिक तापलेला दिसतो. गाय तीच, ऊन तेच आणि वाराही तोच असल्यामुळे उरतो तो फक्त रंगाचा फरक. तीच गाय छपराखाली आणून थोडा वेळ थांबले, तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. याचे कारण असे, की रंगाचा प्रभाव थेट सूर्यकिरण शोषून घेण्यापुरता असतो. अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत काळे आणि पांढरे केस सारखेच वागतात, आणि म्हणूनच यंत्राचे ०.९५ हे ठरावीक उत्सर्जकतेचे (पृष्ठभाग किती चांगल्या प्रकारे उष्णता बाहेर टाकतो, त्याचे) मान दोन्हींना चालते. काळ्याभोर मुऱ्हा म्हशीचे तर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यामुळे भर दुपारी तिच्या पाठीवरचा आकडा पाहिल्यावर सावलीच्या जाळीचा खर्च कोणालाही पटावा.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत हा प्रश्न फार मोठा आहे. अमेरिकेत १९७८ पासून ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ या नाममुद्रेसाठी प्रामुख्याने काळ्या कातडीची गुरे लागतात, म्हणून बाजार काळ्या रंगाला भाव देतो आणि उन्हाची लाट आली की त्याच रंगाची गुरे अधिक होरपळतात. उलट ब्राझीलमध्ये पसरलेली नेलोर जात आपल्या आंध्रातील ओंगोल गुरांपासून झालेली आहे; तिचे केस पांढरे आणि आखूड, तर खालची कातडी गडद असते. केस ऊन परतवतात आणि गडद कातडी अतिनील किरणांपासून जपते, ही जोडी आपल्या खिल्लारमध्येही दिसते. तरीही रंग म्हणजे सर्वस्व नव्हे: कॅरिबियन बेटांवरची सेनेपोल गुरे लाल असूनही उष्णता सोसतात, कारण प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या पेशीतील ग्राहक प्रथिनाच्या जनुकातील बदलामुळे त्यांच्यापैकी अनेकांचे केस अगदी आखूड आणि तुकतुकीत असतात.

आता यंत्राच्या मर्यादा. लेझरचा ठिपका बारीक दिसतो, पण मोजला जाणारा भाग बराच मोठा असतो. १२:१ प्रमाणाच्या (अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या वर्तुळाची रुंदी यांच्या) यंत्राने बारा फुटांवरून मोजल्यास एक फूट रुंदीचे वर्तुळ मोजले जाते, म्हणून लहान डागासाठी जवळ जावे लागते. नुकत्याच धुतलेल्या जनावराचा आकडा खाली येतो तो बाष्पीभवनामुळे. त्यावरून जनावर आतून निवले असे मानू नये. नव्या चकचकीत पत्र्याचे तापमान हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा फारच कमी दाखवते, त्यामुळे छप्पर तपासताना त्यावर रंगाचा किंवा काळ्या टेपचा तुकडा असलेली जागा निवडावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा आकडा केसांच्या पृष्ठभागाचा आहे, अंगातील तापाचा नव्हे. मुंबईत हवेतील आर्द्रतेमुळे घाम आणि पाणी सहज वाळत नाही, म्हणून सावलीतल्या जनावराची पाठ बेताची गरम दिसत असतानाही ते आतून हैराण असू शकते. त्यासाठी कुशीची हालचाल पाहून श्वास मोजावेत. विश्रांती घेत असलेल्या गाईचे श्वास मिनिटाला ६० च्या वर गेले, तर पंखा आणि पाणी लगेच द्यावे. शंका असल्यास गुदद्वारातील तापमान साध्या थर्मामीटरनेच घ्यावे. गाईचे ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

खरेदी करताना उत्सर्जकतेचे मान बदलता येणारे यंत्र मिळाल्यास थोडे जास्त पैसे द्यावेत. घरी आणल्यावर बर्फाचा चुरा आणि पाणी ढवळून त्यावर नेम धरावा, आकडा शून्याच्या एक-दोन अंशांपलीकडे गेला तर यंत्र बदलून घ्यावे, आणि लेझर जनावराच्या डोळ्यांवर कधीही पडू देऊ नये.