४१ दातांचे पैसे घेतले, डिफमध्ये निघाले ३७

माझ्या पिकअपला ३१ इंची मोठे टायर टाकून त्याला जुळेल असा डिफ (मागची चाकं फिरवणारा गिअरांचा डबा) करायला एकूण १,२२,००० रुपये गेले. चार टायर १२,५०० प्रमाणं ५०,०००. चार रिम २२,०००. नवा क्राऊन-पिनियन (डिफच्या आतला मोठ्या-लहान दातेरी चाकांचा जोड) ३६,०००, बेअरिंग-सील-ऑइल ७,५००, मजुरी ६,५००. शेवटच्या तीन आकड्यांची बेरीज परत ५०,००० होते, आणि ते ५०,००० अशा कामाचे की जे झालंच नाही. डिफ उघडलासुद्धा नव्हता. वरून चंदेरी रंग मारला आणि गाडी माझ्या हातात दिली.

गॅरेजचं नाव टाकत नाही, वकिलानं सध्या नको म्हणलंय. काम संभाजीनगरला झालं एवढंच सांगतो. मोठे टायर टाकायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे नीट वाचा.

आधी एक गोष्ट. "कशाला करायचे असले नखरे" असं म्हणणारे घरात पुष्कळ आहेत, इथं अजून नकोत. अंबड तालुक्यात मोसंबी भरायची म्हणजे गाडी बागेपर्यंत न्यावी लागते, आणि आमच्याकडची काळी माती पाऊस पडल्यावर काय करते ते ज्याचं त्याला माहीत. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात माझी पिकअप चाकोरीत डिफवर बसली. चाकं नुसती फिरायली, गाडी जागची हलेना. ट्रॅक्टरवाला ओढायचे १,५०० घ्यायचा. मूळ टायर २१५/७५ आर १५, म्हणजे उंची साधारण ७०३ मिलिमीटर. ३१ इंची टाकले की ७८७. फरकाच्या निम्मं अंतर डिफ वर उचलला जातो, ४२ मिलिमीटर, दीड इंचाच्या वर. चिखलात तेवढं खूप झालं. शौक असता तर टपावर लायटी लावल्या असत्या.

पण टायर मोठा केला की गाडीची ओढ जाते, हे मला आधीपासून ठाऊक होतं. मी काही अडाणी नाही. चाक जवळपास १२ टक्क्यांनी मोठं झालं म्हणजे ४.११ चा डिफ (चाकांच्या एका फेऱ्याला त्याच्याकडं येणारा शाफ्ट ४.११ फेरे घेतो असा) ३.६७ सारखा वागायला लागतो. लोड घेऊन चढ लागला की सगळा ताण क्लचवर. त्यावर उपाय म्हणजे क्राऊन-पिनियन बदलणं. माझ्यात ३७ आणि ९ दात होते, ३७ भागिले ९ म्हणजे ४.११. ४१ आणि ९ चा जोड टाकला की ४.५६, आणि गाडी जवळजवळ होती तशी. हे सगळं गणित मी गॅरेजवाल्यापुढं मांडलं. तो काय म्हणला? "मालक, तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं की काम करायला मजा येते." तिथंच मला चढवलं त्यानं.

सेट दिल्लीहून मागवावा लागतो म्हणून ४०,००० ॲडव्हान्स फोनवरून घेतला. सेट आल्यावर मला बोलावून खोका फोडून दाखवला. तेलकट कागदातला कोरा क्राऊन, पिनियनच्या तोंडावर ठोकलेले आकडे. मी स्वतः बोट फिरवून दात मोजले, ४१ भरले. आता सांगा, याच्यापुढं माणसानं अजून काय बघायचं? वस्तू खरी होती. आता वाटतंय तोच एक खोका प्रत्येक गिऱ्हाइकापुढं फोडला जात असणार. दाखवल्यावर म्हणला, "याची सेटिंग नाजूक असते, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बसवायला वेळ लागतो, तुम्ही गावाकडं जा, गाडी तयार झाली की फोन करतो." गेलो. मोसंबीचा सीझन, कोण तिथं बाकड्यावर बसून राहणार?

गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी जुना क्राऊन-पिनियन मागितला. हे लक्षात ठेवा, मी मागितला. "अहो मालक, काल भंगारवाला येऊन गेला, सगळा ढीग त्यानं उचलला." आणि पोराला हाक मारून चहा सांगितला. चहा पिलो, उरलेले ८२,००० रोख दिले. बिलाचं विचारलं तर म्हणला पक्कं बिल केलं तर जीएसटी वर लागंल. एका वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले, खाली सही नाही, शिक्का नाही. तुमच्या गाडीतून निघालेला पार्ट तुमचा असतो, तो हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका. भंगारवाल्याची गोष्ट कोणी सांगितली की तिथंच खाली बसा, उठूच नका.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते. परत येताना जालना रोडला फोनवर मॅप लावला होता. गाडीच्या मीटरवर काटा ५० वर, फोन दाखवतोय ५६. मी फोन हातात घेऊन बघितलं, परत ठेवलं. ६० वर नेली तर फोन ६७ म्हणतोय. माझ्या गाडीत मीटर गिअरबॉक्सवरून चालतो. मोठ्या टायरबरोबर ४.५६ चा डिफ खरंच पडला असता तर मीटरच्या ५० ला फोनवर साडेपन्नासच्या आसपास दिसायला पाहिजे होतं. ५६ दिसतंय याचा एकच अर्थ, आत जुनाच डिफ आहे. गणित मला येत होतं! तोंडपाठ होतं. पुरावा डोळ्यापुढं चमकत होता आणि मी शेजारी बसलेल्या पुतण्याला म्हणलं, "मॅपचं काय खरं नसतं रे." तो म्हणला, "काका, मॅप चुकला तर एखादा आकडा चुकंल, दर वेळी सारखाच कसा चुकंल?" पोरगं बारावीला आहे. मी त्याला गप्प बसवलं. पण माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. लाखभर रुपये मोजून नुकत्याच गॅरेजमधून ताब्यात घेतलेल्या गाडीत बसून कोण म्हणंल की आपण फसलो? सर्व्हिस रोडला गाडी वळवायची होती फक्त. तेव्हा मी शहराच्या बाहेरसुद्धा पडलो नव्हतो.

पुढं जे व्हायचं ते झालं. धाराशिवकडं माल घेऊन निघालो, बीडच्या पुढं मांजरसुंब्याच्या घाटात गाडी दुसऱ्यातसुद्धा ओढेना. पहिल्यात टाकून क्लचवर खेळवत चढवली, केबिनमध्ये जळका वास भरला. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचे ८,४०० अजून गेले. हे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.

आमच्या इथला मिस्त्री गाडीखाली शिरून आधी काही बोललाच नाही. बोटानं डिफच्या खालच्या बाजूचा एक बोल्ट खरवडला. रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याच्याखाली बोल्टच्या कोपऱ्यात जुन्या तेलात मळलेली धूळ, दगडासारखी घट्ट. "भाऊ, हा बोल्ट फिरला असता तर ही घाण इथं राहिली असती का?" पाना लागला की कोपरा साफ होतो, हे शेंबड्या पोराला कळतं. नंतर त्यानं जी तपासणी केली ती तुम्ही स्वतः करू शकता, डिफ उघडायची गरज नाही. पुढच्या चाकांना गुटके लावा, हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून डिफकडं येणारा दांडा) खडूची रेघ मारा. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक थांबलेलं असतं म्हणून एकाऐवजी दोन) आणि शाफ्टचे फेरे मोजा. जेवढे भरतील तोच तुमचा रेशो. ४.५६ असता तर साडेचारच्या जरा पुढं रेघ थांबायला पाहिजे. आमची रेघ चार फेऱ्यांवर थोडीशी सरकून थांबली. मिस्त्रीनं परत करून दाखवलं. तेच.

मग मी चिडून म्हणलं, खोल. खोलला. ३७ दात, ऑइल काळंकुट्ट. म्हणजे ७,५०० मधलं ऑइलसुद्धा खोटं. मोबाईलवर सगळं शूटिंग केलं.

गॅरेजवाल्याला फोन लावला तर पहिलं वाक्य, "तुमच्या मिस्त्रीनंच नवा काढून जुना टाकला नसंल कशावरून?" ऐकून हात थरथरायले माझे. पण वकील म्हणतो हाच प्रश्न सुनावणीत सगळ्यात आधी येणार. तेव्हा संशय आला तर वरची खडूची तपासणी शूटिंगसह करा, नंबर प्लेट आणि किलोमीटर दिसू द्या, आणि डिफ उघडायच्या आधी समोरच्याला लेखी कळवून बोलवा. नाही आला तर पंचासमोर उघडा.

आता सरकारी पाहुणचार ऐका. तालुक्याच्या ठाण्यात गेलो. "गॅरेज आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा." हद्द नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची असते, नव्या कायद्यात २०२४ पासून हे स्पष्ट लिहिलंय. हे मी सांगितलं तर साहेब म्हणले, "मग वकिली करा की." तिकडं गेलो. तिथले साहेब म्हणले, पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले, हा दिवाणी मामला आहे. मी म्हणलं, साहेब, वस्तू दाखवली एक आणि गाडीत टाकलीच नाही, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम कशासाठी आहे? त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि विचारलं, "टायर बदलायला आरटीओची परवानगी घेतली होती का?"

संपलं. तिथून पुढं आरोपी मीच. आरटीओत विचारायला गेलो तर खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम ऐकवलं, गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. वर १८२ ए सांगितलं, असल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. बरं, मग रस्त्यारस्त्यावर बोर्ड लावून ३१ इंची टायर विकणाऱ्यांना कुठलं कलम लागतं? त्यावर उत्तर, "ते आमच्याकडं येत नाही." विकणारा मोकळा, बसवणारा मोकळा, लुटणारा मोकळा. कायदा सापडतो तो ज्याचे पैसे बुडाले त्यालाच! आणि हीच यांची खरी ढाल आहे. गिऱ्हाईक तक्रारीला गेलं की आधी त्याच्याच गाडीवर बोट जाणार, हे त्या गॅरेजवाल्याला माझ्या आधीपासून माहीत होतं. फोनवर हसत म्हणला होता, "जा ना पोलिसात, टायरसकट जा."

दिवसभर बसवून ठेवून संध्याकाळी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. तुम्हीही उठू नका.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, निदान माणूस नीट बोलला, तक्रारीचा नंबर मिळाला. बाकी भिस्त जिल्हा ग्राहक आयोगावर. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. पण मालवाहू गाडी म्हणल्यावर समोरचा वकील "हा धंद्यासाठी घेतलेला माल, हा ग्राहकच नाही" असं म्हणणारच. त्याला उत्तर कायद्यातच आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहकच धरला जातो. गाडी मी स्वतः चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही, हे अर्जात पहिल्या पानावर लिहिलंय. अडचण त्या वहीच्या कागदाची आहे. ८२,००० रोख दिल्याचा माझ्याकडं कागद नाही, आहे तो ४०,००० चा फोनवरचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपवर त्यानं पाठवलेला "४१/९ सेट आ गया" हा मेसेज. तो मेसेज जपून ठेवलाय. जीएसटी वाचवायच्या नादाला लागू नका, तो तुमचा वाचत नसतो.

फोर बाय फोर गाडी असेल तर आणखी सांभाळा. पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ एकाच रेशोचे पाहिजेत. दोन्हीचे पैसे घेऊन एकच बदलला तर फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) वाटोळं होतं. आणि थोडीच उंची पाहिजे असेल तर २३५/७५ आर १५ चा फरक चार टक्क्यांच्या आसपास, त्याला डिफ बदला म्हणणारा दुकानदार तुमचा खिसा बघतोय. तेवढ्यासाठीसुद्धा आरसी आणि कंपनीनं सांगितलेली मापं आधी बघा, नाहीतर माझ्यासारखी कलमं ऐकाल.

गाडी परत जुन्या टायरवर आणलीय. मोठे टायर २६,००० ला गेले. घेणाऱ्याला सगळं खरं सांगून दिले, तरी घेतले त्यानं. त्याच गॅरेजात ज्यांनी कोणी डिफचं काम केलंय त्यांनी खडू घेऊन मोजा, आणि चारच फेरे भरले तर शूटिंग काढून ठेवून मला मेसेज करा. तक्रारी एकत्र गेल्या तर मला एकट्याला दिलेली उत्तरं तेवढी सोपी राहणार नाहीत. रिम अजून गोठ्यापाशी पडल्यात, १५ इंची, ८ इंच रुंद. २२,००० चे ९,००० ला देतो, पण पक्क्या पावतीवर.